मामांना नांदेडला दाखवलं

मी वेडा नाही, असं माणूस एकदा तोंडानं बोलला की समोरचा आपली खुर्ची थोडी मागं घेतो. म्हणून ते वाक्य मी इथं लिहीत नाही. माझं नाव सिद्धराम, लातुरात गंजगोलाईत माझं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे, आणि मागच्या उन्हाळ्यात साडूच्या पोराच्या लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी मी मरायला टेकलो होतो, एवढंच सांगतो.

मांडवात मुंगी शिरायला जागा नव्हती. बँडवाले आमच्या कानातच वाजवत होते. एकाएकी छातीत असं धडधडायला लागलं की मला वाटलं आत कोणी कुकर आपटून बघायलंय. हाताला मुंग्या, पाठीला घाम, श्वास अर्ध्यातच अडकलेला. मी वाढप्यांना ढकलत, बुंदीच्या कढईला वळसा घालून मागच्या दारानं बाहेर पळालो आणि उष्ट्या पत्रावळ्यांच्या ढिगाजवळ बसलो. लोक म्हणाले, सिद्धरामअप्पाला बुंदी लई आवडती वाटतं.

लगेच ईसीजी काढला. सिस्टर म्हणाली, गळ्यातलं काढा. मी म्हटलं, इष्टलिंग आहे ते, जीव गेला तरी अंगावरून काढत नसतो. ती म्हणाली, अप्पा, जीव जायलाय का तेच बघायलोत आम्ही, जरा खांद्यावर तरी सरकवा. सरकवलं. कागद बाहेर आला आणि डॉक्टर म्हणाले, हृदय एकदम झकास आहे. खरं सांगतो, मला थोडं वाईटच वाटलं. हृदयाच्या दुखण्याला समाजात इज्जत आहे. लोक शहाळी घेऊन येतात, हळू आवाजात बोलतात. आणि हे डॉक्टर काय म्हणाले? "एकदा मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा." मी इकडंतिकडं बघितलं, खोलीत दुसरं कोणी आहे का म्हणून.

मी काही दाखवणार नव्हतो. पण नंतर ते बँकेत झालं, मठात झालं, एकदा तर दुकानात मंगळसूत्राएवढं महत्त्वाचं गिऱ्हाईक, म्हणजे रुखवताचं, समोर बसलेलं असताना झालं. आणि इकडं आमच्या शिवानीचं लग्न ठरलेलं. स्थळ उदगीरचं, माणसं भारी, तारीख दिवाळीनंतरची. पोरीच्या डोक्यावर अक्षता पडताना बाप तिच्यामागं उभा असायला पाहिजे. तो पत्रावळ्यांच्या ढिगाजवळ सापडून कसं चालेल? आणि समजा उपचार घेतले आणि उदगीरला कळलं, तर पोरीचं लग्नच उभं राहील का? या दोन्हीच्या मधे मी लोंबकळत होतो.

आमच्या शेजारी किशनराव राहतात. एसटीच्या डेपोतून रिटायर झालेत, पण सल्ला द्यायचं अजून चालू आहे. मी त्यांना म्हटलं, "माझ्या एका मित्राला गर्दीत धडधडतं हो."

"गॅस," किशनराव म्हणाले. "मित्राला म्हणावं, हरभऱ्याची डाळ बंद."

"ईसीजी नॉर्मल आलाय त्याचा."

"मग नजर. माहूरला जाऊन ये म्हणावं. नाहीतर सकाळी अनवाणी चाल म्हणावं गवतावर. आणि वहिनींना म्हणावं, रात्री त्याला भजी देऊ नका."

"वहिनी कुठल्या?"

"मित्राच्या," असं म्हणून किशनराव आमच्या स्वयंपाकघराकडं बघत राहिले.

बायको वर्षाराणी मात्र सरळ बोलली. "अहो, दुखतंय तर दाखवा. त्यात कसली लाज?" मी तिला समाज, घराणं, बाजारपेठ यावर बरंच काही सुनावलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "झालं? आता फोन करा," आणि तिनं १४४१६ नंबर माझ्यासमोर ठेवला. टेली-मानस म्हणून सरकारची मदत आहे, फुकट असते, मराठीत बोलतात, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं.

मी दुकानात कुकरच्या थप्पीमागं बसून फोन लावला. पलीकडून एक बाई इतक्या मायेनं बोलल्या की मला रडूच येणार होतं. मग त्यांनी नाव विचारलं. ते सांगायलाच पाहिजे असं काही नव्हतं, पण विचारलं की सांगायचं ही आपली सवय. घाबरून डोक्यात आलं ते पहिलं नाव मी ठोकून दिलं: बसलिंगप्पा. हे माझ्या बायकोचे मामा. चाकूरला असतात, शेती करतात, आणि आयुष्यात त्यांना सर्दीशिवाय काही झालेलं नाही. बाई म्हणाल्या, "बसलिंगप्पाजी, घाबरू नका. हे बरं होतं. तुमच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराचा विभाग आहे, थेट जाऊन केसपेपर काढा, कुणाची चिठ्ठी लागत नाही. खासगीत जायचं तर तेही चालेल, पण जा." एवढं सोपं होतं. मी ते अवघड करून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत उभा राहिलो. खिडकीशी नंबर आला तेव्हा मागं बघतो तर आमच्या गल्लीतला दूधवाला. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "कुठला विभाग?" मी म्हटलं, "गुडघा." त्यानं बिचाऱ्यानं हाडांच्या विभागाचा कागद दिला. दूधवाला मला हाताला धरून तिथपर्यंत सोडायला आला, त्यामुळं पळताही येईना. तपासणी झाली, एक्सरे झाला, गुडघ्याला पट्टा मिळाला. महिनाभर गंजगोलाईतला प्रत्येक माणूस मला गुडघ्यावर तेल सुचवत होता, आणि मला लंगडायची आठवण ठेवावी लागत होती. एकदा पाय बदलला तर किशनराव म्हणाले, "दुसऱ्यात बी उतरलं का?"

मग खासगी. मानसोपचाराचा दवाखाना पहिल्या मजल्यावर, बोर्ड हा मोठा, आणि जिन्यासमोर चहाचं हॉटेल. हॉटेलात आमच्या व्यापारी मंडळाची अख्खी कार्यकारिणी बसलेली. "काय अप्पा, इकडं कुठं?" मी तळमजल्यावरच्या दाताच्या दवाखान्यात शिरलो. दात साफ करून बाहेर आलो. मन सोडून माझं सगळं शरीर दुरुस्त व्हायला लागलं होतं.

तेव्हा मला ती युक्ती सुचली. आपल्याकडं दवाखान्यात माणूस एकटा कधी जातो का? एक पेशंट आणि त्याच्यासोबत चार जण. मग मी सोबतीचा झालो तर? पेशंट दुसरा कोणीतरी. आणि गाव नांदेड, जिथं ना लातूरचं कोणी, ना उदगीरचं. फोनवर बसलिंगप्पांचं नाव तर आधीच लागलेलं होतं. मी मामांना फोन करून सगळं खरं सांगितलं.

"म्या पेशंट व्हायचं?" मामा खूश झाले. "येतो की! लई दिवस झाले नांदेड बघून. पण जावईबापू, सुई टोचणार न्हाईत ना?"

"न्हाई मामा. तुम्ही फक्त बसायचं. मी बोलतो."

मामांच्या नावानं नांदेडला फोनवरच नंबर लावून ठेवला. लातूरहून बसलो, चाकूरला मामा चढले. कपाळावर भस्माचे पट्टे, नवा फेटा, हातात शेंगांची पिशवी. वेड्याच्या मानानं माणूस फारच टवटवीत दिसत होता. कंडक्टर आला तर त्याला म्हणाले, "म्या पेशंट हाव, मनाचा." कंडक्टर म्हणाला, "पंच्याहत्तरच्या वर हाव का? तर तिकीट न्हाई." अहमदपूर येईपर्यंत निम्म्या बसला मामांचा आजार तोंडपाठ झाला होता, आणि लोहा येईपर्यंत मामांनी त्यात स्वतःची भर घातली होती. आता त्यांना भिंतीतून सासूचा आवाज येत होता. मी म्हटलं, "मामा, आपल्याला एवढं नको. नुसती धडधड पाहिजे."

नांदेडच्या दवाखान्याचं दार उघडलं आणि मी तसाच उभा राहिलो. आत निम्मं लातूर बसलेलं. तोंडाला रुमाल बांधलेले, पण मी त्यांना भांडी विकलेली, कपाळावरून ओळखतो. गोलाईतला खतवाला होता. आमच्याकडून दर अक्षय्यतृतीयेला स्टीलचा माठ नेणारे मास्तर होते. सगळ्यांनी एकाच वेळी शेजारच्याकडं बोट केलं. "ह्याला घेऊन आलोय." एका बाकावर दोन मावसभाऊ होते, ते तर एकमेकांकडंच बोट करत होते. मी खतवाल्याला म्हटलं, "इतक्या लांब?" तो म्हणाला, "लातुरात जागा नसती हो. तिथं समदे नांदेडवाले येऊन बसत्यात."

मी मामांना पुढं करून म्हणालो, "आमच्या मामांना आणलंय." आणि तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "अय्यो, व्याही?"

उदगीरच्या विहीणबाई. महामायाबाई! शिवानीची होणारी सासू! त्यांच्याशेजारी एक जाडशा बाई केळं खात बसल्या होत्या. लग्न मोडलं, मी मनात म्हटलं. गेली पोर हातची, आपल्यापायी.

"ही माझी ताई, गुरम्मा," विहीणबाई घाईघाईनं म्हणाल्या. "हिला दाखवायला आणलंय. माझं माहेर इथलंच ना."

"आणि हे मामा," मी म्हणालो. "म्हणजे मामा म्हणायचं आपलं. वर्षाराणीच्या आईचे चुलत... लांबचे. लई लांबचे. रक्ताचं तसं काहीच न्हाई."

"सख्खा मामा हाव की म्या!" मामा म्हणाले. "मांडीवर खेळवलीय तिला!"

मी मामांना कोपर मारलं. समोर विहीणबाईंनी गुरम्माताईंना कोपर मारल्याचं मला दिसलं, पण तेव्हा माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं. आता दोन्हीकडच्या पेशंटांनी बोलायची वेळ आली.

"मामांना काय होतं?" विहीणबाईंनी विचारलं.

"गर्दीत धडधडतं," मी म्हणालो. "श्वास अडकतो. आता मरतो असं वाटतं."

"हाव का?" विहीणबाई एकदम पुढं सरकल्या. "ताईला बी अगदी तसंच! हाताला मुंग्या येतात का?"

"येतात!"

"कोपरापर्यंत?"

"कोपरापर्यंत!"

मामा आणि गुरम्माताई शेंगा खात आमच्याकडं बघत होते. मला राहवलं नाही. "मग तुमच्या ताई काय करतात हो त्या वेळी?"

"सुरुवातीला पळायची," विहीणबाई म्हणाल्या, त्यांचे डोळे भरून आले. "भावाच्या लग्नातून पळाली, भाऊ अजून बोलत नाही तिच्याशी. आता गोळ्यांनी पुष्कळ फरक आहे. आणि डॉक्टरांनी सांगितलंय, आलं तर येऊ द्यायचं, श्वास हळू सोडायचा, जागा सोडायची नाही. ते येतं आणि जातं. माणूस मरत नाही त्यानं."

"मरत नाही?"

"नाही हो."

मला इतकं हलकं वाटलं की मी गुरम्माताईंना नमस्कार केला. "ताई, लई सोसलंत तुम्ही." गुरम्माताई म्हणाल्या, "म्या? म्या काय सोसलं?" आणि पुन्हा एक कोपर.

"बसलिंगप्पा!" पुकारा झाला.

आत डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या. मामांना म्हणाल्या, "झोप कशी आहे?"

"पडलो की मेलो."

मी कोपर मारलं. मामा म्हणाले, "म्हणजे लागतच न्हाई."

"मग रात्री काय करता?"

मामांनी जरा विचार केला. "झोपतो."

"मॅडम, लपवतात ते," मी म्हणालो. "त्यांना पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. पंख्याकडं बघत पडतात. आता श्वास बंद होणार असं वाटतं. बायकोला उठवावं तर ती दिवसभर दमलेली. मग ओट्यापाशी जाऊन उभं राहायचं, आणि पोरीच्या लग्नात आपण पळालो तर काय, हेच डोक्यात फिरतं."

"तुम्ही मामांच्या घरी राहता?"

"नाही. ते चाकूरला, मी लातूरला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मामांना विचारलं, "तुम्हाला कशाची भीती वाटते?"

"जावईबापूंची. मघापासून नुसतं कोपर मारायलेत."

"मामा, तुमची तब्येत उत्तम आहे. तुम्ही बाहेर बसा."

मामा उठले, त्यांनी दार सताड उघडलं आणि हॉलमधे उभं राहून घोषणा केली, "ऐका हो! म्या शहाणा हाव! डॉक्टरीणबाईंनी सांगितलं!" हॉलमधे खळबळ उडाली. रुमालातून कोणीतरी विचारलं, "लेखी दिलंय का?"

मी खुर्चीतच होतो. दार उघडंच होतं. समोर निम्मं लातूर, आणि त्यांच्या मधोमध विहीणबाई, सरळ माझ्याकडं बघत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला बसायचंय, की जायचंय?"

जायचं म्हटलं असतं तर सगळं तसंच राहिलं असतं. गुडघा, दात, इज्जत, सगळं. पण मला फार थकवा आला होता हो. लंगडायचा थकवा, हसायचा थकवा, मित्राची तब्येत सांगायचा थकवा. आणि शिवानीचा चेहरा काही केल्या डोळ्यांसमोरून हलेना.

"मॅडम," मी म्हणालो, "पेशंट मी हाव."

हळूच म्हणायचं होतं. पण भांड्यांच्या दुकानात जन्म गेलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. रस्त्यावरच्या रिक्षावाल्यानंसुद्धा वळून बघितलं.

बाईंनी उठून दार लावलं. मग मी कितीतरी वेळ बोलत होतो. त्यांनी सांगितलं, याला पॅनिक अटॅक म्हणतात, पुष्कळ लोकांना होतो, बरा होतो. गोळ्या दिल्या, मनानं बंद करायच्या नाहीत म्हणाल्या, बोलण्याचे उपचारही घ्यायला सांगितलं. "आणि दर वेळी इथं येऊ नका. लातूरच्या सरकारी दवाखान्यात हेच उपचार मिळतील. येण्याजाण्यातच अर्धा जीव जातो तुमचा."

बाहेर आलो. मी विहीणबाईंसमोर हात जोडून उभा राहिलो. "विहीणबाई, खोटं बोललो. शिवानीचा यात काही दोष नाही. जे काय ठरवायचं ते..."

"थांबा," विहीणबाई उठल्या. रागानं त्यांचा आवाज कापत होता. "लातूरला दाखवत होते मी, उदगीरहून किती जवळ! आमचे हे म्हणाले, लातूरकर व्याह्यांच्या कानावर जाईल, लग्न मोडतील ते, नांदेडला जा. तेव्हापासून एसटीत हाडं खिळखिळी करून घ्यायलेय मी. तुमच्यापायी!"

मला कळायला वेळ लागला. "म्हणजे ताईंना...?"

"ताईला काय धाड भरलीय? मीच आहे ती!" आणि त्या फाइल उचलून आत निघाल्या. दारातून वळून म्हणाल्या, "माझा नंबर आधी होता, व्याही. मामांच्या नावावर पुढं घुसलात तुम्ही."

"सुटले बाई," गुरम्माताई म्हणाल्या आणि त्यांनी मामांच्या पिशवीतल्या उरलेल्या शेंगा घेतल्या.

पुढच्या महिन्यात मी लातुरातच केसपेपरच्या रांगेत उभा राहिलो. खिडकीशी "मानसोपचार" म्हणालो. मग मागच्या माणसानं खांद्यावरून हळूच आधार कार्ड पुढं केलं. "भाऊ, तिकडंच का? माझा बी कागद काढा की."

लग्न उदगीरला झालं. मंगल कार्यालयात जेवढी माणसं मावतात त्याच्या दुप्पट आली होती. बँडवाले मागच्या वेळचेच असावेत. शिवानी हार घेऊन उभी, मी तिच्या पाठीशी, आणि अक्षतांना सुरुवात झाली तसं ते आलं. छातीत धडधड, हाताला मुंग्या, कोपरापर्यंत. मागचं दार कुठं आहे हे मला न बघताच माहीत होतं. समोर पोराच्या मागं विहीणबाई उभ्या होत्या, त्यांचाही चेहरा पांढरा पडलेला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. त्यांनी ओठांचा चंबू करून हळू श्वास सोडला. मीही सोडला. पुन्हा त्यांनी, पुन्हा मी. फोटोग्राफर ओरडला, "व्याही, विहीण, तोंडानं काय करायलात? हसा की!"

शिवानीनं मान न वळवता विचारलं, "पप्पा, बरं वाटतंय ना?"

"नाही गं," मी म्हणालो. "पण मी इथंच आहे."